इंग्रजीचा बाऊ कशाला? नियम थोडे, ध्यान हवे

(विहाराच्या वर्धापनदिनी अभ्यासवर्गातील विद्यार्थी व पालक यांच्यासमोर केलेले भाषण)



समितीने आम्हाला सांगितले की वर्धापनदिनी मुलांसाठी दोन शब्द बोला. विषय कोणता, असे विचारले तर म्हणाले, इंग्रजी. आता आम्ही गिरणी कामगार. १९८२ च्या संपात वडील घरी बसले आणि आमची शाळा सातवीतच सुटली. पुढे आम्हीही गिरणीतच बदली म्हणून लागलो. इंग्रजी आम्ही शिकलो ते रातपाळी संपल्यावर, फाउंटनच्या फुटपाथवरून आणलेल्या जुन्या पुस्तकांतून. आधी तर्खडकरांची भाषांतर पाठमाला, मग रेन आणि मार्टिन यांचे व्याकरण. तेव्हा आम्ही काही प्रोफेसर नाही, आणि उच्चार तर आमचे गावठीच आहेत. पण गेली बरीच वर्षे आपल्या अभ्यासवर्गात आम्ही मुलांच्या वह्या तपासतो. वह्या तपासता तपासता एक गोष्ट आमच्या ध्यानात आली. तेवढीच आज मांडायची आहे.

गोष्ट अशी आहे. आपली मुलं इंग्रजीत ज्या चुका करतात त्या वेड्यावाकड्या नसतात. बहुतेक चुका एकाच वाटेने येतात. मूल मराठीचा बरोबर नियम उचलतं आणि इंग्रजीला लावतं. म्हणजे चूक होते ती डोकं नाही म्हणून नव्हे, तर एक भाषा चांगली येते म्हणून होते. हे कळलं की भीती जाते. कारण मग चूक कुठून आली ते शोधता येतं, आणि जे शोधता येतं ते दुरुस्तही करता येतं.

आणि भीती जाणे जरुरीचे आहे. २०२३ च्या तलाठी भरतीचा पेपर घ्या. एकूण १०० प्रश्न, २०० गुण. त्यात इंग्रजीचे २५ प्रश्न, म्हणजे ५० गुण. कर्मचारी निवड आयोगाच्या त्याच वर्षीच्या पदवीस्तर परीक्षेत पहिल्या टप्प्याला १०० पैकी २५ प्रश्न इंग्रजीचेच होते, आणि तिथे चुकीच्या उत्तराला अर्धा गुण कापला जात होता. आपली मुलं गणित पाठ करतात, सामान्य ज्ञान तोंडपाठ करतात, आणि इंग्रजी आली की म्हणतात, "हे आपलं काम नाय." बाबांनो, जिथे एकेका गुणाला माणसं रांगेत उभी असतात तिथे पाव पेपर असा सोडून चालेल का?

क्रियापदाची जागा

मराठीत आपण म्हणतो, "मुंगसाने सापाला मारले." उलटं म्हटलं, "सापाला मुंगसाने मारले," तरी अर्थ तोच. का? तर 'ने' आणि 'ला' हे प्रत्यय कोण मारणारा आणि कोण मरणारा ते सांगतात. इंग्रजीत नामाला असे प्रत्यय राहिलेले नाहीत. तिथे जागाच अर्थ सांगते. 'द मंगूस किल्ड द स्नेक' म्हणजे साप मेला. दोन नामांची अदलाबदल केली की मुंगूस मेलं. म्हणून इंग्रजीत आधी कर्ता, मग क्रियापद, मग कर्म. पेपरात वाक्याचे तुकडे देऊन क्रम लावायला सांगतात, तेव्हा पहिल्यांदा क्रियापद शोधा. मग ते कोण करतंय ते शोधा. बाकीचे तुकडे आपोआप जागेवर बसतात.

आता तो छळणारा 'एस'. 'आय गो', 'वुई गो', 'दे गो', पण 'ही गोज'. हा एकट्यालाच शेपूट का? मुलांनो, तुम्ही रोज वंदनेत 'गच्छामि' म्हणता. पालीत 'मी जातो' म्हणजे गच्छामि, 'तो जातो' म्हणजे गच्छति, 'आम्ही जातो' म्हणजे गच्छाम. कोण जातो ते क्रियापदाचं शेपूटच सांगतं. मराठीतही जातो, जाते, जातात असंच आहे. जुन्या इंग्रजीतही अशी बरीच शेपटं होती. ती झडत झडत गेली आणि वर्तमानकाळात 'ही', 'शी', 'इट' यांच्या क्रियापदाला तेवढा 'एस' उरला. तेव्हा हा नियम आपल्याला परका नाही. मराठीत इतके प्रत्यय सांभाळणाऱ्या पोराला एक 'एस' सांभाळणं जड नाही.

घोटाळा इथे होतो की नामाला 'एस' लागला की अनेकवचन होतं, आणि क्रियापदाला लागला की ते एकवचनी कर्त्याचं असतं. 'द बॉय प्लेज', 'द बॉइज प्ले'. साध्या वाक्यांत 'एस' दोघांपैकी एकालाच मिळतो, एवढं ध्यानात ठेवा.

पेपर काढणारा सरळ विचारत नाही. तो कर्ता आणि क्रियापद यांच्या मधे गर्दी उभी करतो. 'द लिस्ट ऑफ बुक्स' पुढे 'इज' की 'आर'? कानाला 'बुक्स' ऐकू येतं म्हणून मूल 'आर' लिहितं. पण लांब आहे ती यादी, पुस्तकं नव्हेत. म्हणून 'इज'. अशा वेळी 'ऑफ' पासूनचा तुकडा बोटाने झाका आणि वाचा. 'वन ऑफ द बॉइज' झाकलं की उरतं 'वन', म्हणून 'इज'. 'ईच ऑफ द गर्ल्स' झाकलं की 'ईच', म्हणून 'इज'. एक जोडी मात्र पाठच करा. 'द नंबर ऑफ' असेल तर 'इज', कारण तिथे संख्येबद्दल बोलणं आहे. 'अ नंबर ऑफ' असेल तर 'आर', कारण त्याचा अर्थ 'पुष्कळ' असा होतो.

काही शब्द फसवे असतात. 'न्यूज' आणि 'मॅथेमॅटिक्स' यांच्या शेवटी 'एस' आहे, पण ते एकवचनी. 'पोलीस' आणि 'कॅटल' यांना 'एस' नाही, पण ते अनेकवचनी, 'द पोलीस आर कमिंग'. 'इन्फर्मेशन', 'ॲडव्हाइस', 'फर्निचर', 'लगेज' यांना 'एस' लावायचाच नाही.

तिसरी चूक, 'ही डिड नॉट वेंट'. ही चूक कुठून आली? "तो गेला नाही" यातून. मराठीत भूतकाळ 'गेला' मधेच आहे, म्हणून मूल 'वेंट' लिहितं. इंग्रजीत 'डिड' आला की भूतकाळाचा शिक्का त्याच्यावर पडला. गिरणीच्या गेटवर एका पाळीची हजेरी एकदाच लागते, तसं समजा. 'डिड' ने हजेरी लावली की पुढचं क्रियापद साधं राहतं, 'ही डिड नॉट गो'. 'डझ' चंही तसंच. 'शी डझ नॉट गोज' चूक, 'शी डझ नॉट गो' बरोबर.

'पासून', 'जरी-तरी' आणि 'जर-तर'

"आम्ही दहा वर्षांपासून इथे राहतो." "आम्ही २०१५ पासून इथे राहतो." मराठीत दोन्हीकडे 'पासून'. म्हणून मूल दोन्हीकडे 'सिन्स' लिहितं. इंग्रजी इथे भेद करते. काळ मोजून सांगितला, दहा वर्षे, तीन तास, दोन महिने, तर 'फॉर'. सुरुवात कुठून ती सांगितली, २०१५, सोमवार, सकाळ, तर 'सिन्स'. शिवाय आपण 'राहतो' असा वर्तमानकाळ वापरतो, इंग्रजीत तिथे 'हॅव' लागतो. 'आय ॲम लिव्हिंग हिअर सिन्स टेन इयर्स' यात दोन चुका आहेत. बरोबर वाक्य, 'आय हॅव बीन लिव्हिंग हिअर फॉर टेन इयर्स'. चुका ओळखण्याच्या प्रश्नात हे वाक्य वेगवेगळे कपडे घालून येतं.

दुसरी गोष्ट 'जरी-तरी'. मराठीत ही जोडी आहे. "जरी तो गरीब आहे तरी तो प्रामाणिक आहे." मूल जोडी पुरी करायला जातं आणि लिहितं, 'ऑल्दो ही इज पुअर, बट ही इज ऑनेस्ट'. मराठीच्या हिशोबाने हे सुंदर वाक्य आहे. पण इंग्रजीत दोन वाक्यं जोडायला एकच जोड लागतो. 'ऑल्दो' घेतला तर 'बट' सोडा, 'बट' घेतला तर 'ऑल्दो' सोडा. 'बिकॉज' आणि 'सो' यांचंही तेच. आपण "कारण... म्हणून..." असं म्हणतो, ते तिथे चालत नाही.

'जर-तर' मधे आणखी एक खोच आहे. "जर पाऊस पडेल तर आम्ही येणार नाही." यावरून 'इफ इट विल रेन' असं लिहिलं जातं. इंग्रजीत भविष्यकाळाच्या अशा वाक्यात 'इफ' च्या बाजूला साधा वर्तमानकाळ येतो आणि 'विल' दुसऱ्या बाजूला जातो. 'इफ इट रेन्स, वुई विल नॉट कम'.

शब्दयोगी अव्ययांना मात्र सरसकट नियम नाही, ती पाठच करायची. आपण "विषयावर चर्चा केली" म्हणतो, इंग्रजीत 'डिस्कस' च्या पुढे 'ऑन' नको नि 'अबाउट' नको, सरळ 'डिस्कस्ड द मॅटर'. "तिच्याशी लग्न" म्हणून 'विथ' नाही, 'मॅरीड टू'. "माझ्यापेक्षा सीनिअर" म्हणून 'दॅन' नाही, 'सीनिअर टू मी'. अशी पन्नास-साठ उदाहरणं वहीत उतरवली की बरंच काम भागतं.

एवढासा 'अ' आणि 'ॲन'

मराठीत 'अ', 'ॲन', 'द' असले शब्दच नाहीत. म्हणून आपली मुलं ते खाऊन तरी टाकतात, नाहीतर मिठासारखे वाटेल तिथे टाकतात. 'अ' की 'ॲन' हे अक्षरावरून ठरत नाही, पुढच्या शब्दाच्या पहिल्या आवाजावरून ठरतं. शब्द मराठीत लिहून बघा. पहिला आवाज स्वराचा असेल तर 'ॲन', व्यंजनाचा असेल तर 'अ'. 'अवर' म्हणजे तास, इंग्रजीत 'एच' ने लिहितात, पण आपण 'अ' ऐकतो, म्हणून 'ॲन अवर'. 'ऑनेस्ट' चंही तसंच. उलट 'युनियन' इंग्रजीत 'यू' ने सुरू होतो, पण ऐकू येतो 'य', म्हणून 'अ युनियन', 'अ युनिफॉर्म', 'अ युनिव्हर्सिटी'. आमदाराला 'ॲन एमएलए', कारण 'ए' ऐकू येतो. तक्रार नोंदवली तर 'ॲन एफआयआर'. बघा, इथे देवनागरीच आपल्या मदतीला येते. इंग्रजी लिपी आवाज लपवते, आपली लिपी तो उघड करते.

'द' चा मोठा नियम असा, की कोणती गोष्ट ते ऐकणाऱ्याला ठाऊक झालेलं आहे तिथे 'द'. पहिल्यांदा 'आय सॉ अ डॉग', मग त्याच कुत्र्याबद्दल 'द डॉग'. 'द सन', 'द मून', कारण आपल्या बोलण्यात ते एकेकच. सर्वांत मोठा, सर्वांत चांगला असं सांगायचं असेल तर 'द बेस्ट'.

'मे' आणि 'शॅल'

इथे परीक्षा थोडी बाजूला ठेवून एक हकिकत सांगतो. एका गिरणीत कामगारांकडून एका इंग्रजी कागदावर सह्या घेतल्या. तोंडी सांगितलं, "रक्कम मिळेल." सगळ्यांनी सह्या ठोकल्या, कोणी अंगठे दिले. रक्कम काही येईना. चाळीतल्या एका दहावीच्या पोरीला कागद वाचायला दिला. तिने वाचलं आणि म्हणाली, "काका, यात 'मे बी पेड' लिहिलंय. म्हणजे देता येईल. देऊच असं नाही." तो शब्द 'शॅल' असता तर देणं बंधनकारक झालं असतं. मराठीत "मिळेल" या एका शब्दात आशाही बसते आणि वचनही बसतं. इंग्रजी कागदात त्यांना दोन वेगळे शब्द आहेत, आणि कागद लिहिणाऱ्याला ते चांगले ठाऊक असतात.

कामगारांना दोष देण्यासाठी हे सांगत नाही. त्यांना कोणी शिकवलंच नव्हतं. पण तुम्हाला सांगतो, 'कॅन', 'मे', 'मस्ट', 'शॅल', 'शुड' हे पाच शब्द पाच गुणांचे समजू नका. 'शुड' म्हणजे करावं, 'मस्ट' म्हणजे केलंच पाहिजे, 'मे' म्हणजे करता येईल किंवा कदाचित होईल. या प्रत्येकाच्या पुढे क्रियापद साधं येतं, त्याला 'टू' नाही नि 'एस' नाही. परीक्षेत एवढं विचारतात. पुढे आयुष्यात नेमणूकपत्र, कर्जाचा कागद, घराचा करारनामा हातात येईल तेव्हा बाकीचं विचारलं जाईल.

स्पेलिंग

मुलं चिडून विचारतात, लिहायचं एक आणि बोलायचं एक, असं का? याला कारण आहे. १४७६ साली विल्यम कॅक्स्टनने वेस्टमिन्स्टरला छापखाना घातला. छापखाने वाढले तसे शब्द हळूहळू एका ठरावीक पद्धतीने लिहिले जाऊ लागले. पण लोकांचे उच्चार पुढे बदलत राहिले. 'नाइफ' आणि 'नी' यांतला 'के' पूर्वी खरोखर उच्चारत असत. तोंडातून तो गेला, कागदावर राहिला. काही अक्षरं तर पंडितांनी मागाहून घुसवली. कर्ज या अर्थाचा 'डेट' हा शब्द फ्रेंचमधून 'बी' शिवाय आला होता. विद्वानांनी लॅटिन मूळ पाहिलं, त्यात 'बी' होता, म्हणून इंग्रजी शब्दातही 'बी' बसवला. बोलायला कुणी तो घेतला नाही. तेव्हा अडचण तुमच्या डोक्यात नाही, ती त्या भाषेच्या इतिहासात आहे.

यावर एक युक्ती आहे. मुक्या अक्षराचा बोलका नातेवाईक शोधा. 'डेट' मधला 'बी' मुका आहे, पण बँकेच्या 'डेबिट' मधे तो बोलतो. 'साइन' मधला 'जी' मुका, 'सिग्नेचर' मधे बोलका. 'गव्हर्नमेंट' मधला 'एन' बोलताना गिळला जातो, पण 'गव्हर्न' म्हणून बघा, तो शेवटी उभाच आहे. ही युक्ती फसते असे शब्दही आहेत, आणि परीक्षेत नेमके तेच आवडीने विचारतात. 'मेंटेन' वरून 'मेंटेनन्स' होताना मधल्या 'ए-आय' चा 'ई' होतो. 'प्रोनाउन्स' वरून 'प्रोनन्सिएशन' होताना 'ओ-यू' मधला 'ओ' गळतो.

नियमाने सुटणारे तीन प्रकार सांगतो. पहिला, शेवटी 'ई' असेल आणि 'आयएनजी' जोडायचं असेल तर बहुधा 'ई' जातो, 'मेक' चं 'मेकिंग'. दुसरा, शेवटी 'वाय' आणि त्याच्या आधी व्यंजन असेल तर 'वाय' चा 'आय' होतो, 'स्टडी' चं 'स्टडीज', 'स्टडीड'. आधी स्वर असेल तर 'वाय' तसाच राहतो, 'प्ले' चं 'प्लेज'. 'आयएनजी' च्या आधीही 'वाय' राहतो, 'स्टडीइंग'. तिसरा, छोटा शब्द, मधे एक स्वर, शेवटी एक व्यंजन, तर ते व्यंजन दुप्पट. 'स्टॉप' चं 'स्टॉप्ड' दोन 'पी' ने, 'रन' चं 'रनिंग' दोन 'एन' ने. लांब शब्दात जोर शेवटी असेल तरच दुप्पट. म्हणून 'बिगिनिंग' मधे दोन 'एन', पण 'ओपनिंग' मधे एकच.

'आय' आधी की 'ई' आधी? उच्चार 'ई' असा असेल तर साधारणपणे 'आय' आधी, 'बिलीव्ह', 'चीफ'. पण 'सी' च्या लगेच पुढे असेल तर 'ई' आधी, 'रिसीव्ह', 'सीलिंग'. 'सीझ' आणि 'वीअर्ड' हे याला अपवाद. बाकीचे नेहमीचे शब्द मोजून पाठ करा. 'अकोमोडेशन' मधे दोन 'सी' आणि दोन 'एम'. 'कमिटी' मधे दोन 'एम', दोन 'टी', दोन 'ई'. 'नेसेसरी' मधे एक 'सी', दोन 'एस'. 'ऑकेजन' मधे दोन 'सी', एक 'एस'. 'सेपरेट' मधे 'पी' च्या पुढे 'ए'.

विरामचिन्हं

आपल्या लिपीत कॅपिटल अक्षर नाही. म्हणून वाराचं नाव, महिन्याचं नाव, भाषेचं नाव यांचं पहिलं अक्षर मोठं करायला मुलं विसरतात. 'मी' या अर्थाचा 'आय' तर वाक्यात कुठेही आला तरी मोठाच.

मग अपॉस्ट्रॉफी. मराठीत 'चा-ची-चे' जे काम करतं ते इंग्रजीत हा टिंबासारखा लटकणारा स्वल्पविराम आणि 'एस' मिळून करतात. एकाची वस्तू असेल तर चिन्ह 'एस' च्या आधी. 'एस' लावून झालेल्या अनेकांची असेल तर चिन्ह 'एस' च्या नंतर. 'वर्कर्स युनियन' लिहिताना चिन्ह 'एस' च्या आधी टाकलं तर ती एकाच कामगाराची युनियन झाली. एका कामगाराची युनियन कधी असते काय? 'चिल्ड्रन' सारखा शब्द मुळातच अनेकवचनी आहे, तिथे चिन्ह आधी आणि 'एस' नंतर.

सगळ्यांत जास्त फसवतो तो 'इट्स'. चिन्ह असलेला 'इट्स' म्हणजे 'इट इज' किंवा 'इट हॅज'. चिन्ह नसलेला 'इट्स' म्हणजे 'त्याचा, त्याची, त्याचे'. विसर पडला तर आपल्या विहाराच्या भिंतीवर उद्देशिका लावलेली आहे, तिची इंग्रजी प्रत बघा. 'सिटिझन्स' या शब्दाच्या आधी 'इट्स' आहे, आणि त्याला चिन्ह नाही. कारण तिथे अर्थ आहे 'त्याचे', म्हणजे भारताचे, नागरिक.

उद्देशिकेसमोर उभे आहात तर आणखी एक करा. ती सबंध उद्देशिका व्याकरणाच्या दृष्टीने एकच वाक्य आहे. त्याचा कर्ता पहिलाच शब्द, 'वुई', आम्ही. त्याच्या मागोमाग दोन स्वल्पविरामांच्या मधे हे 'आम्ही' कोण ते सांगितलं आहे, भारताचे लोक. आणि मुख्य क्रियापदं थेट शेवटी आहेत, 'अडॉप्ट', 'इनॅक्ट' आणि 'गिव्ह'. कर्ता आणि क्रियापद यांच्या मधे न्याय, स्वातंत्र्य, समता, बंधुता एवढं सगळं मावलं आहे. बाबासाहेब ज्या मसुदा समितीचे अध्यक्ष होते तिने घडवलेल्या संविधानाचं हे दार आहे. एवढ्या लांब वाक्याचा कर्ता आणि क्रियापद ज्या मुलाने शोधून काढलं त्याला परीक्षेतलं कोणतं वाक्य घाबरवणार?

आता स्वल्पविराम. त्याची किंमत किती? अमेरिकेत मेन नावाचं राज्य आहे. तिथल्या ओकहर्स्ट डेअरीच्या ट्रक ड्रायव्हरांनी ओव्हरटाइम मागितला. राज्याच्या कायद्यात नाशवंत मालाच्या काही कामांना ओव्हरटाइम नाही, अशी यादी होती. यादीच्या शेवटी होतं 'पॅकिंग फॉर शिपमेंट ऑर डिस्ट्रिब्युशन'. 'शिपमेंट' च्या पुढे स्वल्पविराम नव्हता. मालक म्हणाले, पॅकिंग हे एक काम आणि माल वाटणं हे दुसरं काम, दोन्हींना ओव्हरटाइम नाही. ड्रायव्हर म्हणाले, स्वल्पविराम नाही म्हणजे दोन्हीसाठीचं पॅकिंग एवढंच ते काम. आम्ही पॅकिंग करत नाही, आम्ही माल वाटतो, म्हणून आम्हाला ओव्हरटाइम द्या. २०१७ च्या मार्चमध्ये अपील कोर्टाने सांगितलं की कायद्याचा अर्थ संदिग्ध आहे, आणि कौल ड्रायव्हरांच्या बाजूने दिला. २०१८ साली ५० लाख डॉलरवर तडजोड झाली. एका न टाकलेल्या स्वल्पविरामामुळे कामगारांच्या घामाचा पैसा वसूल झाला! आता कोणी म्हणेल का की विरामचिन्हं म्हणजे नुसती ठिपक्यांची नक्षी?

परीक्षेपुरतं सांगायचं तर, संबोधनानंतर स्वल्पविराम, यादीतल्या वस्तूंच्या मधे स्वल्पविराम, वाक्याची सुरुवात 'इफ' किंवा 'ऑल्दो' ने झाली तर पहिला भाग संपल्यावर स्वल्पविराम. आणि शेवटच्या 'ना?' च्या आधीही. मराठीत एक 'ना?' सगळ्या वाक्यांना चालतो. इंग्रजीत तो क्रियापदाप्रमाणे बदलतो. 'यू आर कमिंग, आर्न्ट यू?' 'ही वर्क्स हिअर, डझन्ट ही?' वाक्य होकारी तर शेपूट नकारी, वाक्य नकारी तर शेपूट होकारी.

अभ्यास कसा करावा

एक वही करा. डाव्या बाजूला आपली चूक, उजव्या बाजूला दुरुस्ती, आणि खाली एका ओळीत मराठीत कारण, ही चूक मराठीच्या कोणत्या सवयीतून आली. रोज एक नियम आणि त्यावर स्वतःची दहा वाक्यं. पुस्तकातली उतरवू नका. आपल्या घरातली, चाळीतली, आईच्या कामाची वाक्यं करा. आठवड्यातून एकदा जुना पेपर घड्याळ लावून सोडवा. परीक्षेचे गाइड पाठ करण्यात वेळ घालवू नका, पाठ केलेलं वाक्य पेपरात येत नाही, नियम येतो.

मुलं म्हणतात, "इंग्रजी शाळेतल्या पोरांना कानानेच कळतं, आम्हाला नाय कळत." खरं आहे. त्यांनी लहानपणापासून ऐकलेलं असतं. पण कान फसतो. 'द लिस्ट ऑफ बुक्स आर' हे कानाला गोडच लागतं. ज्याला नियम ठाऊक आहे तो तिथे फसत नाही, आणि का फसला नाही ते सांगूही शकतो. तेव्हा उशिरा शिकणाऱ्याची बाजू अगदीच लंगडी नाही.

पालकांना एकच विनंती. तुम्हाला इंग्रजी येत नसेल तरी संध्याकाळी मुलाजवळ बसा आणि विचारा, "आज कोणता नियम शिकलास? मला मराठीत सांग." तुम्हाला समजेल असा त्याला सांगता आला तर त्याला तो समजला. नाही आला तर दुसऱ्या दिवशी वर्गात पाठवा, पण चारचौघांत त्याला हसू नका. हसण्याने जेवढी मुलं इंग्रजीपासून पळाली तेवढी व्याकरणाने पळाली नाहीत.

आणि आपल्या वस्तीतली जी मुलं शिकून नोकरीला लागली त्यांना सांगणं आहे. तुमच्या देणगीबद्दल समिती आभारी आहेच, पण आम्हाला वह्या तपासायला माणसं हवीत. रविवारी सकाळी वंदनेनंतर दोन तास या. वीस-पंचवीस वह्या असतात, लाल पेन आम्ही देऊ. आमचे डोळे आता पूर्वीसारखे राहिले नाहीत, आणि वर्गात मुलं तर दरवर्षी वाढतात.



नमो बुद्धाय! जय भीम!